पझल गेमच्या लेव्हलना आपलं म्युझिक लावायला गोडो कसं आहे? (फक्त ऑडिओचा रिव्ह्यू)

गोडो इंजिनाबद्दल (म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरबद्दल) वाचायला बसलं की सगळीकडे टूडी कसं आहे, थ्रीडी कसं आहे, युनिटी हे दुसरं इंजिन सोडून यावं का, हेच सापडतं. ऑडिओबद्दल फार कोणी बोलत नाही, आणि म्युझिकबद्दल तर त्याहून कमी. मी सध्या खोकी ढकलायचा एक पझल गेम बनवतेय, सोकोबानच्या जातीचा (सोकोबान म्हणजे १९८२ साली जपानमध्ये आलेला तो गोदामातला गेम, खोकं फक्त ढकलता येतं, ओढता येत नाही), आणि त्यात लेव्हलच्या प्रत्येक गटाला वेगळं म्युझिक हवंय, तेही आपल्या वाद्यांचं. म्हणून हा रिव्ह्यू फक्त तेवढ्याच कामाचा. व्हर्जन ४.३ आणि त्यापुढचं धरून लिहितेय, कारण म्युझिकची खरी हत्यारं ऑगस्ट २०२४ मध्ये ४.३ बरोबर आली, त्याआधीच्या व्हर्जनला यातलं अर्धं लागू नाही.

निकाल आधीच सांगते म्हणजे घाईतल्यांना पुढचं वाचायला नको. पझल गेमसाठी गोडोचं स्वतःचं ऑडिओ पुरतं, चांगलं पुरतं, वेगळं सॉफ्टवेअर जोडायची गरज नाही. फुकट आहे, एमआयटी लायसन्स आहे, गेम विकलात तरी कोणाला रॉयल्टी द्यायची नाही, इन्स्टॉलसुद्धा करावं लागत नाही, झिप उघडली की चालू. पण ते नुसतं टाकलं आणि वाजलं असं नाही, दोन-तीन गोष्टी तुम्हाला स्वतः बसवाव्या लागतात आणि त्या बसवल्या नाहीत तर गेम चांगला असूनही लोक दहा मिनिटांत आवाज बंद करतील.

कारण पझल गेमचं म्युझिक हे वेगळंच प्रकरण आहे. मारामारीच्या गेममध्ये माणूस पळत असतो, त्याचं लक्ष म्युझिककडे निम्मंच असतं आणि लेव्हल बदलत राहते. पझलमध्ये माणूस एकाच लेव्हलला अर्धा तास बसतो, स्क्रीनकडे नुसता बघत बसतो, हात हलत नाही, फक्त डोकं चालू असतं आणि त्या शांततेत एकच गोष्ट चालू असते ती म्हणजे तुमचा लूप, परत परत वाजणारा तो तुकडा. शिवाय तो सारखा रीस्टार्ट दाबतो. खोकं कोपऱ्यात अडकलं, रीस्टार्ट. परत अडकलं, परत रीस्टार्ट. दर रीस्टार्टला म्युझिक पहिल्यापासून सुरू झालं तर बिचाऱ्याच्या कानावर त्या ट्रॅकचे फक्त पहिले पाच-सात सेकंद आदळत राहतात, आणि तुम्ही किंवा तुमच्या मित्राने जीव ओतून केलेला पुढचा अंतरा तो कधी ऐकतच नाही. म्हणून माझ्यासाठी कुठल्याही इंजिनाची पहिली परीक्षा एकच, रीस्टार्ट दाबल्यावर म्युझिक न तुटता चालू ठेवता येतं का.

गोडोमध्ये येतं, पण आपोआप नाही. तिथे प्रत्येक लेव्हल हा एक सीन असतो, आणि नवखा माणूस साहजिकच म्युझिक वाजवणारा नोड (सीन ज्या सुट्या भागांनी बनतो त्यातला एक, नाव ऑडिओस्ट्रीमप्लेयर) लेव्हलच्या सीनमध्येच ठेवतो. सीन परत लोड केला की त्यातलं सगळं पुसून नव्याने बनतं, नोडसकट. उपाय सोपा आहे. म्युझिकचा एक छोटा वेगळा सीन करायचा, प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये ग्लोबल्सच्या टॅबला ऑटोलोड आहे तिथे त्याची नोंद करायची, मग तो गेम सुरू होताना एकदा बनतो आणि गेम बंद होईपर्यंत मरत नाही, लेव्हली खालून येतात-जातात. लेव्हल सुरू होताना त्याला फक्त सांगते, मला हा ट्रॅक हवा. तो आधी बघतो की हाच ट्रॅक आत्ता वाजतोय का, वाजत असेल तर हात लावायचा नाही. ही एका ओळीची अट म्हणजे पझल गेमच्या म्युझिकचं अर्धं काम आहे, बाकी सगळं नंतर.

लेव्हलला ट्रॅक जोडायची पद्धत मला गोडोत खूप आवडली. लेव्हलच्या स्क्रिप्टमध्ये ऑडिओस्ट्रीम प्रकारचं एक व्हेरिएबल एक्स्पोर्ट केलं की उजवीकडे इन्स्पेक्टरमध्ये त्याचा रकाना दिसतो, फाईल ओढून आणून त्यात टाकायची, झालं. कोड उघडायला नको. माझ्यासाठी तबला वाजवणाऱ्या मित्राला कोडिंगचं काही माहीत नाही, तो पण लॅपटॉपवर बसून लेव्हल उघडून ट्रॅक बदलून बघतो. आणि मी नियम ठेवलाय की रकाना रिकामा असेल तर आधीचंच म्युझिक पुढे चालू राहील, म्हणजे एका गटात दहा लेव्हल असतील तर ट्रॅक फक्त पहिल्या लेव्हलला टाकायचा. फक्त लेव्हल-निवडीच्या पडद्यावरून मधली लेव्हल थेट उघडता येत असेल तर गटाचा ट्रॅक कुठेतरी वेगळा नोंदवून ठेवा, नाहीतर आधीच्या गटाचं म्युझिक तिथे पण वाजत राहील.

आता फाईलचं. लूप करायचा असेल तर ऑग व्हॉर्बिस वापरा, विषय संपला. एमपीथ्रीमध्ये एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरतो, त्यामुळे लूप जोडताना बारीक खड्डा पडतो, ताल नसलेल्या संथ म्युझिकमध्ये तो लपेल पण तबला असला की लगेच लडखडल्यासारखं वाटतं. डब्ल्यूएव्ही अचूक असते पण मिनिटाला साधारण १० एमबी खाते, १२८ केबीपीएसची ऑग मिनिटाला १ एमबीच्या आसपास. मोबाईल गेमसाठी हा फरक मोठा आहे. फाईल प्रोजेक्टमध्ये टाकली की लूप बाय डिफॉल्ट बंद असतो हे लक्षात ठेवा, फाईल निवडून इम्पोर्टच्या पॅनलमध्ये लूपवर टिक करायची आणि मग रीइम्पोर्ट दाबायचं, नुसती टिक करून उपयोग नाही. तिथेच लूप ऑफसेट पण आहे, म्हणजे पहिल्यांदा आलाप वाजेल आणि पुढच्या फेरीला आलाप वगळून थेट ठेक्यापासून सुरू होईल असं सेकंदात सांगता येतं. पझल गेमला हे सोन्यासारखं आहे, कारण सुरुवातीचा तुकडा परत परत आला की तोच सगळ्यात आधी डोक्यात जातो.

लूपचा सांधा मात्र इंजिन नाही करून देणार, तो फाईलमध्येच नीट हवा. बायाच्या घुमाऱ्याची आस, तंबोऱ्याची गूंज ही शेवटच्या मात्रेनंतरही रेंगाळते, आणि तुम्ही फाईल बरोबर मात्रेवर कापली की ती आस तुटते आणि प्रत्येक फेरीला एक टक असा झटका ऐकू येतो. याला एक जुनी युक्ती आहे, ऑडॅसिटीसारख्या साध्या ऑडिओ एडिटरमध्ये सुद्धा होते. तेच आवर्तन दोनदा लागोपाठ वाजेल असं मांडायचं, आणि एक्स्पोर्ट करताना फक्त दुसरी फेरी कापून घ्यायची. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला पहिल्या फेरीची आस आधीच मिसळलेली असते, त्यामुळे शेवट आणि सुरुवात एकमेकांना अशी चिकटतात की सांधा शोधून सापडत नाही. माझ्या गेममधले सगळे लूप असेच केलेत.

आणि आता ज्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला ती गोष्ट. त्याच इम्पोर्टच्या खिडकीत बीपीएम (मिनिटाला किती मात्रा), बीट काउंट (ट्रॅकमध्ये एकूण किती मात्रा) आणि बार बीट्स असे तीन आकडे भरता येतात. बार बीट्स म्हणजे एका बारमध्ये किती मात्रा, आणि तिथे डिफॉल्ट ४ असतो, पाश्चात्त्य पद्धतीप्रमाणे. पण ४ च पाहिजे अशी सक्ती नाही! मी दादऱ्याच्या ट्रॅकला ६ लिहिलं, रूपकाला ७, तीनतालाला १६. याचा अर्थ असा की इंजिनाला आता आवर्तन कळतं, त्याला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे येते ते कळतं. मग इंटरॲक्टिव्ह नावाचा जो नवीन स्ट्रीम आहे त्यात तुम्ही दोन ट्रॅक टाकून सांगता की एकावरून दुसऱ्यावर पुढच्या बारला जा, आणि तो खरोखर समेवर जातो. खेळणाऱ्याने लेव्हल मध्येच कुठेतरी चौथ्या मात्रेवर संपवली तरी म्युझिक घाई करत नाही, आवर्तन पूर्ण करतं आणि समेवर नवीन ट्रॅक उचलतं. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी आणि मित्र दोघंही बघत राहिलो, कारण लाइव्ह साथीला बसलेला माणूस जे करतो तेच समोर होत होतं. १२० च्या लयीत दादरा असेल तर आवर्तन ३ सेकंदांचं, म्हणजे जास्तीत जास्त तेवढंच थांबायचं. तीनताल त्याच लयीत ८ सेकंद होतो, तिथे मी पुढचा बार न धरता पुढची बीट धरलीय, नाहीतर लेव्हल बदलून गेली तरी जुनं म्युझिक रेंगाळत राहतं.

या इंटरॲक्टिव्हमध्ये ट्रान्झिशनचा एक तक्ता असतो, उभ्यात कुठून, आडव्यात कुठे. प्रत्येक घरात ठरवायचं की जायचं कधी (लगेच, पुढची बीट, पुढचा बार, की ट्रॅक संपल्यावर), नवीन ट्रॅक कुठून सुरू करायचा (पहिल्यापासून, की आधीचा जिथे होता त्याच जागेवरून), आणि फेड कसा, किती बीटचा. मध्ये भरायला एखादा छोटा तुकडा पण देता येतो, मी तिथे तिहाई (तीनदा वाजून समेवर येणारा तुकडा) टाकलीय. लेव्हल सुटली की तिहाई घेऊन समेवर पुढचं म्युझिक सुरू, आपल्या कानाला यापेक्षा चांगला शेवट दुसरा कुठला! त्याच जागेवरून सुरू करायचा पर्याय पण कामाचा आहे, एकाच चालीचं दिवसाचं आणि रात्रीचं रूप केलं असेल तर मध्येच एकातून दुसऱ्यात जाता येतं, चाल तुटत नाही. ट्रॅक बदलायला मात्र मी, वाजायला लागल्यावर, प्लेयरकडून प्लेबॅक (चालू असलेल्या वाजण्याचा ताबा) मागून घेते आणि त्याला ट्रॅकचं नाव सांगते. हे एवढं एक समजलं की पुढे सगळं सरळ आहे. ट्रॅक वाढले की तक्ता झपाट्याने वाढतो, सहा ट्रॅकला छत्तीस घरं, म्हणून आधी कोणत्याही ट्रॅकवरून कोणत्याही ट्रॅकला असा एक सर्वसाधारण नियम टाकून घ्या आणि मग फक्त अपवाद भरा.

(एक आठवलं ते इथेच सांगते. गोडो सुरू करणाऱ्या दोघांपैकी हुआन लिनिएत्स्की हे त्याआधीपासून म्युझिक ट्रॅकरची (ओळीओळीने स्वर मांडून गाणं बांधायची) सॉफ्टवेअर लिहीत होते, चीजट्रॅकर त्यांचंच. इंजिनात मात्रा आणि बार मोजायची सोय असणं मला त्यामुळे नवल वाटत नाही.)

दुसरा नवीन प्रकार म्हणजे सिंक्रोनाइज्ड. यात एकाच लांबीचे बरेच ट्रॅक एकदम चालू राहतात, ३२ पर्यंत टाकता येतात, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा कमीजास्त करता येतो. तंबोरा एक थर, तबला एक, बासरी एक. वापरायला अगदी सोपं. पण पझल गेममध्ये थर कशाला बांधायचा याचा नीट विचार करा. सगळ्यांच्या डोक्यात पहिली कल्पना हीच येते की खोकं बरोबर जागेवर बसलं की एक वाद्य वाढवायचं, ऐकायला मस्त वाटतं, पण सोकोबानमध्ये जागेवर बसलेलं खोकं बऱ्याचदा परत बाहेर काढावं लागतं, कारण ते दुसऱ्याची वाट अडवतं. म्युझिक खुलतंय म्हटल्यावर खेळणाऱ्याला वाटतं आपण बरोबर चाललोय, आणि ते खोकं हलवायची त्याची हिंमतच होत नाही. म्हणजे म्युझिक खोटी हिंट देतं. पझल बनवणाऱ्याने हे अजिबात करू नये असं माझं ठाम मत आहे. मी थर लेव्हलच्या गटाला बांधलेत, गटातल्या पहिल्या लेव्हलना तंबोरा आणि तबला, पुढे जाल तशी बासरी, शेवटच्या लेव्हलला सगळं.

आणि थर काढून घ्यायला पण वापरा, हे फार कमी लोक करतात. एकाच लेव्हलला बराच वेळ झाला की मी बासरी हळूहळू उतरवते, मग तबला पण अगदी मागे जातो, उरतो फक्त तंबोरा. अडकलेल्या माणसाला चाल नको असते, त्याला जागा हवी असते. यात एक तांत्रिक गोष्ट सांभाळा, गोडोत आवाज डेसिबलमध्ये मोजतात, आणि उणे ८० पासून शून्यापर्यंत सरळ ट्वीन (आकडा हळूहळू बदलत नेणं) लावलात तर बराच वेळ काहीच ऐकू येत नाही आणि शेवटी एकदम धाडकन आवाज येतो. शून्य ते एक असा आकडा ट्वीन करायचा आणि प्रत्येक वेळी तो डेसिबलमध्ये बदलून द्यायचा, त्यासाठी तयार फंक्शन आहे, मग उतार कानाला गुळगुळीत लागतो.

ऑडिओ बसची (एका प्रकारचे आवाज एकत्र नेणारी वाट, तिचा आवाज आणि इफेक्ट एकदम बदलता येतात) सोय उत्तम आहे आणि तिच्यावर मॅन्युअलमध्ये नीट पानं पण आहेत. म्युझिकची एक बस, आवाजांची एक बस, दोन्ही मास्टर या मुख्य बसला जोडलेल्या. सेटिंगमध्ये दोघांना वेगळे स्लायडर द्याच, एकच स्लायडर दिला की म्युझिक नको असलेला माणूस खोकं सरकल्याचा आवाज पण घालवून बसतो, आणि तो आवाज पझलमध्ये उपयोगी माहिती असते. म्युझिकच्या बसवर लो पास फिल्टर (वरचे तीक्ष्ण स्वर कापणारा इफेक्ट) टाकून ठेवा, बंद स्थितीत. पॉज मेनू उघडला की तो चालू करायचा, म्हणजे म्युझिक शेजारच्या खोलीतून आल्यासारखं दबतं पण थांबत नाही. गेम पॉज केला की म्युझिकचा नोड पण थांबतो, म्हणून त्याचा प्रोसेस मोड ऑलवेज करायला विसरू नका.

वेबवर गेम टाकणार असाल तर मात्र सावध. पहिलं म्हणजे ब्राउझर कोणाच्याही क्लिकशिवाय आवाज सुरूच करू देत नाही, हा गोडोचा दोष नाही, सगळ्या इंजिनांना तेच आहे, सुरुवातीला एक टॅप करा असा पडदा ठेवला की सुटतं. दुसरं गोडोचं आहे. ४.३ पासून वेबवर आवाज डिफॉल्टने सॅम्पल पद्धतीने (वाजवायचं काम इंजिनाऐवजी ब्राउझर करतो) वाजतात, त्यामुळे साधे आवाज खरखरत नाहीत हा मोठा फायदा, पण या पद्धतीत बसवरचे इफेक्ट चालत नाहीत. म्हणजे वरचा तो लो पास फिल्टर कॉम्प्युटरवर मस्त चालतो आणि वेबवर नुसता गप्प. म्युझिकच्या प्लेयरचा प्लेबॅक टाइप स्ट्रीम केला की चालतो, पण मग हलक्या फोनवर खरखर होऊ शकते. मी वेबवर फिल्टर सोडून दिला आणि पॉजला फक्त आवाज कमी करते. इथे गोडोचा एक गुण कापते.

एफमॉड किंवा वाइज ही गेमच्या आवाजासाठीची वेगळी सॉफ्टवेअर घ्यावीत का असं बऱ्याच जणांना वाटतं. टीममध्ये वेगळा साउंड डिझायनर असेल, त्याला तेच टूल हातातलं असेल, तर घ्या, तिथलं एडिटिंग जास्त सुटसुटीत आहे यात वाद नाही. एकट्याने किंवा दोघांनी करायच्या पझल गेमला ते जोडणं, त्याची लायसन्सची अट सांभाळणं, प्रत्येक प्लॅटफॉर्मला वेगळं बिल्ड करणं, एवढा पसारा कशाला.

म्युझिक स्वतःचं बनवत नसाल आणि कुठून उचलत असाल तर लायसन्स वाचा, नुसतं फ्री लिहिलंय म्हणून घेऊ नका. सीसी झिरो असेल तर काहीच अट नाही, सीसी बाय असेल तर क्रेडिटमध्ये नाव द्यायलाच लागतं. जुनी नाट्यगीतं-भावगीतं घालायचा मोह आपल्याकडे सगळ्यांना होतो, पण आपल्या कायद्यात रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो आणि चालीचा-शब्दांचा हक्क वेगळा, कवी-संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं. राग आणि ताल मात्र कोणाच्या मालकीचे नाहीत, भूप घ्या, दुर्गा घ्या, दादरा घ्या, स्वतः वाजवा किंवा ओळखीतल्या शिकणाऱ्या मुलांना पैसे देऊन वाजवून घ्या. असंख्य मुलं परीक्षा देऊन बसलेली असतात आणि त्यांना असं काम कोणी विचारत नाही.

शेवटचा मुद्दा, लेव्हल एडिटर देणार असाल तर. खेळणाऱ्यांनी बनवलेल्या लेव्हलला त्यांचं स्वतःचं म्युझिक लावू देणं गोडोत जमतं, ऑग फाईल चालू गेममध्ये बाहेरच्या फोल्डरमधून थेट उचलता येते. पण अशा उचललेल्या फाईलला इम्पोर्टची सेटिंग्ज नसतात, लूप बंदच असतो, बीपीएम आणि बार बीट्स पण कोणी भरलेले नसतात. म्हणून एडिटरमध्ये फाईलच्या शेजारी हे दोन रकाने द्या, लय किती आणि आवर्तन किती मात्रांचं, आणि फाईल उचलल्यावर कोडमधून लूप चालू करून ते दोन आकडे तिला लावा. कोणी रकाने रिकामे ठेवले तर समेची वाट न बघता साधा दोन सेकंदांचा क्रॉसफेड करा, म्हणजे जुना ट्रॅक उतरत असताना नवा चढत जाईल.